साबुदाण्याच्या कंदाला भुईमुगाची जोड: कसाव्याच्या ओळींमध्ये शेंगवर्गीय पीक का घेतात?

एकादशी असो की चतुर्थी, साबुदाण्याची खिचडी शेंगदाण्याच्या कुटाशिवाय होत नाही. कूट नसेल तर कढईत नुसता चिकट गोळा उरतो. गंमत म्हणजे ही जोडी फक्त कढईतच जमते असं नाही. साबुदाणा ज्या कंदापासून तयार होतो त्या कसाव्याच्या, म्हणजेच टॅपिओकाच्या, दोन ओळींमध्ये भुईमूग पेरायची शिफारस केरळमध्ये कित्येक वर्षांपासून केली जाते. आफ्रिकेत हीच जागा चवळी, घेवडा, सोयाबीन घेतात. ब्राझीलमध्ये, जिथे हा कंद आपल्याकडच्या ज्वारी-बाजरीइतका घरचा आहे, तिथेही घेवडा आणि चवळी त्याच्या शेजारी असतात.

आता तीन वेगवेगळ्या खंडांतले शेतकरी एकाच प्रकारची जोडी लावत असतील, तर त्यामागे काहीतरी ठोस कारण असणार. ते कारण काय, आणि त्याबद्दल सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींपैकी खरं किती?

आधी हा कंद समजून घेऊ

साबुदाणा हे धान्य नाही, हे आता बहुतेकांना माहीत आहे. मूळचा साबुदाणा आग्नेय आशियातल्या एका ताडासारख्या झाडाच्या खोडातून निघायचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो माल यायचा बंद झाला आणि तामिळनाडूतल्या सेलमच्या आसपास कसाव्याच्या स्टार्चपासून तसेच गोल दाणे बनवायचा उद्योग उभा राहिला. आज महाराष्ट्रात उपासाला जो साबुदाणा खाल्ला जातो, तो मुख्यतः याच पट्ट्यातून येतो. २०२३ मध्ये सेलमच्या साबुदाण्याला जीआय मानांकनही मिळालं.

कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, एरंडाच्या कुळातला. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात आफ्रिकेत नेला आणि भारतातही तोच मार्ग मानला जातो. केरळमध्ये त्याला कप्पा म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्रावणकोरचे राजे विशाखम तिरुनाळ यांनी त्याच्या लागवडीला मोठं उत्तेजन दिलं. पुढे महायुद्धात ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद पडला, तेव्हा त्रावणकोरमधल्या गरिबांच्या पोटाला या कंदाने आधार दिला. आजही जगात सगळ्यात जास्त कसावा पिकवणारा देश नायजेरिया आहे. जगभरात दरवर्षी ३० कोटी टनांहून जास्त कसावा निघतो आणि त्याचा साधारण पाचवा हिस्सा एकट्या नायजेरियाचा असतो.

या पिकाचं कौतुक असं की ते हलक्या, आम्लधर्मी, पाऊस कमी पडणाऱ्या जमिनीतही काहीतरी देतंच. म्हणून ते गरिबाचं पीक झालं. आणि जिथे दुसरं काही येत नाही तिथे लावलं गेल्यामुळे त्याच्यावर ‘जमीन खाणारं पीक’ असा शिक्काही बसला. हा शिक्का अर्धाच खरा आहे. कंदासोबत पालाश बराच जातो हे खरं. पण पालापाचोळा शेतातच राहिला, तर कसावा जमिनीतून इतर पिकांच्या मानाने काही अचाट नत्र उचलत नाही. जमीन खालावते ती वर्षानुवर्षं खत न घालता, पाला-खोडंही उचलून नेत, तेच पीक घेतल्यामुळे. आणि आणखी एका गोष्टीमुळे, जी या सगळ्या विषयाच्या मुळाशी आहे.

पहिले तीन महिने शेत उघडं असतं

कसाव्याची लागवड बियांनी नाही, तर खोडाच्या १५ ते २० सेंटिमीटरच्या तुकड्यांनी होते. हे बेणं साधारण ९० बाय ९० सेंटिमीटर किंवा मीटरभर अंतरावर लावतात. दहा-पंधरा दिवसांत कोंब दिसतात, पण पुढे झाड निवांत वाढतं. त्याच्या पानांचं छत एकमेकांना भिडून जमीन झाकायला तीन महिने सहज लागतात. कंद काढणीला यायला आठ ते दहा महिने, काही जातींना त्याहून जास्त.

म्हणजे पहिला साधारण एक तृतीयांश काळ दोन झाडांमधली जमीन रिकामी. त्या रिकाम्या जागेवर ऊन पडतं, पाऊस पडतो, आणि तण माजतं. केरळमध्ये लागवड पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे सगळ्यात जोराचा पाऊस नेमका सगळ्यात उघड्या जमिनीवर. उताराच्या शेतात वरची सुपीक माती वाहून जाते. व्हिएतनाम, थायलंड आणि केरळमधल्या डोंगरउतारांवर कसाव्याची हीच सगळ्यात मोठी तक्रार आहे. तणाचंही तसंच. पहिल्या तीन महिन्यांत तण आवरलं नाही तर नंतर कितीही खुरपणी करा, गेलेलं उत्पन्न परत येत नाही.

शेंगवर्गीय आंतरपिकाचा सगळा खेळ या तीन महिन्यांचा आहे. सत्तर ते शंभर-एकशेदहा दिवसांत उरकणारं पीक त्या मोकळ्या पट्ट्यात घालायचं, कसाव्याचं छत मिटायच्या आत काढून घ्यायचं, आणि मग शेत कसाव्याच्या हवाली करायचं. विदर्भ-मराठवाड्यात कापसाच्या ओळींत मूग-उडीद घेणाऱ्याला यात नवीन काही वाटणार नाही. तत्त्व तेच. एक पीक सावकाश चालणारं, दुसरं धावत जाऊन परत येणारं.

प्रत्यक्षात पेरतात कसं?

तिरुवनंतपुरमजवळच्या श्रीकार्यम इथे १९६३ पासून केंद्रीय कंद पिके संशोधन संस्था आहे. तिथल्या आणि केरळ कृषी विद्यापीठाच्या कामातून जी पद्धत रुळली ती साधी आहे. कसावा ९० सेंटिमीटरवर लावायचा आणि बेणं लावल्याबरोबरच दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात भुईमुगाच्या दोन ओळी टोकायच्या. भुईमूग निघाला की त्याचा पाला तिथेच मातीत गाडायचा, कसाव्याला मातीची भर द्यायची आणि वरखताचा हप्ता त्याच वेळी घालायचा. एकाच खेपेत तीन कामं होतात.

‘बेणं लावल्याबरोबरच’ या शब्दांना इथे महत्त्व आहे. महिनाभर उशीर झाला तर भुईमूग फुलोऱ्यात असताना वर कसाव्याची सावली येते, आणि सावलीतला भुईमूग नुसता पाल्यावर जातो. जातही उपटी हवी. पसऱ्या भुईमूग कसाव्याच्या बुडाशी घुसतो, आणि काढताना दोघांचीही ओढाताण होते. चवळीतही वेलासारखी चढणारी जात चालत नाही, कारण तिला आधार म्हणून समोर कसाव्याचं कोवळं खोड उभंच असतं.

केरळच्या आम्लधर्मी तांबड्या जमिनीत चुनाही घालावा लागतो, आणि तो मुख्यतः भुईमुगासाठी. भुईमुगाच्या आऱ्या जमिनीत गेल्या की शेंग आपल्याला लागणारं कॅल्शियम मुळांकडून नाही, तर थेट भोवतालच्या मातीतून शोषते. माती कॅल्शियमला महाग असेल तर वर झाड हिरवंगार दिसतं आणि खाली शेंगा पोचट निघतात.

सेलम-नामक्कलच्या पाण्याखालच्या शेतांत चित्र थोडं वेगळं आहे. तिथे कसाव्याच्या सुरुवातीच्या दोन महिन्यांत छोटा कांदा, कोथिंबीर आणि उडदासारखी कमी दिवसांची कडधान्यं घेतली जातात. कांदा काही शेंगवर्गीय नाही, पण शेतकरी पीक निवडताना वनस्पतींचं कूळ पाहत नाही, बाजार पाहतो.

नत्राबद्दलचा मोठा गैरसमज

आता या विषयावरचं सगळ्यात जास्त शेअर होणारं वाक्य घेऊ. ‘शेंगवर्गीय पीक हवेतला नत्र ओढून शेजारच्या पिकाला देतं.’

पहिला अर्धा भाग बरोबर आहे. भुईमूग, चवळी, सोयाबीन यांच्या मुळांवर गाठी असतात, त्यात रायझोबियम गटातले जिवाणू राहतात, आणि ते हवेतला नत्र झाडाला वापरता येईल अशा रूपात बदलतात. त्या बदल्यात झाड त्यांना साखर पुरवतं. गाठी काम करताहेत की नाही हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. फुलोऱ्याच्या सुमाराला एखादं झाड हलक्या हाताने उपटायचं आणि गाठ नखाने कापायची. आत गुलाबी-लालसर रंग असेल तर काम चालू आहे. पांढरट किंवा हिरवट असेल तर ती गाठ नुसतीच बसून खाते आहे.

गडबड दुसऱ्या अर्ध्या भागात आहे. जिवंत झाड आपला नत्र शेजाऱ्याला फारसा वाटत नाही. तो आधी स्वतःच्या पानांत, मग दाण्यांत जातो. शेजारच्या कसाव्याला काही मिळतं ते मुख्यतः नंतर, गळलेली पानं, कुजलेली मुळं आणि शेतात राहिलेला पाला यांच्यामार्फत. म्हणजे मिळणार किती, हे शेतकरी काढणीनंतर काय करतो यावर ठरतं. भुईमूग मुळासकट उपटला, शेंगा तोडल्या आणि पाला गोठ्यात नेला, तर जमिनीच्या वाट्याला फारसं काही येत नाही. जनावरांचं शेण त्याच शेतात परत येत असेल तर गोष्ट वेगळी. पण पाला विकून टाकला, तर शेंगवर्गीय पिकाने जमीन सुधारली असं म्हणायला जागा उरत नाही.

चवळीचं इथे थोडं बरं आहे. तिच्या शेंगा तोडून घेता येतात आणि झाड जागेवरच राहतं. त्यामुळे काढणी झाल्यावर ते कापून ओळीत आच्छादन म्हणून टाकणं सोपं जातं.

मग पहिल्याच हंगामात कसाव्याला फायदा काय? नत्रापेक्षा जास्त फायदा झाकलेल्या जमिनीचा असतो. तण कमी, धूप कमी, ओल जास्त टिकते. ही गोष्ट ‘हवेतलं फुकट खत’ इतकी चमकदार नाही, म्हणून ती फॉरवर्ड होत नाही. कोलंबियात १९८० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत चवळीसोबत लावलेल्या कसाव्यावर पांढरी माशीही कमी आढळली होती. आफ्रिकेत कसाव्याचा मोझॅक रोग याच माशीच्या एका जातीमुळे पसरतो, त्यामुळे या निरीक्षणाकडे लक्ष गेलं. पण रोगाचा मुख्य उपाय म्हणजे निरोगी बेणं आणि रोगाला दाद न देणाऱ्या जाती. आंतरपिकाच्या भरवशावर रोगट बेणं लावणं म्हणजे छत्री घेऊन पुरात उतरण्यासारखं.

‘उत्पादन वाढलं’ म्हणजे नेमकं काय वाढलं?

इथे अनेकदा फसगत होते. आंतरपीक घेतल्यावर कसाव्याचं उत्पादन वाढतंच असं नाही. बऱ्याचदा ते थोडं कमीच होतं, कारण पहिल्या तीन महिन्यांत पाणी, खत आणि प्रकाशात वाटेकरी आलेला असतो. वाढतं ते एकूण जमिनीचं उत्पन्न.

हे मोजायला शेतीशास्त्रात एक सोपं गुणोत्तर वापरतात, लँड इक्विव्हॅलंट रेशो. समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब करू. समजा, एक हेक्टर नुसत्या कसाव्यातून ३० टन कंद निघतात आणि एक हेक्टर नुसत्या भुईमुगातून २ टन शेंगा. दोन्ही एकत्र लावल्यावर त्याच एका हेक्टरमधून २७ टन कंद आणि १ टन शेंगा निघाल्या. कसाव्याचा वाटा २७ भागिले ३०, म्हणजे ०.९. भुईमुगाचा १ भागिले २, म्हणजे ०.५. बेरीज १.४. अर्थ असा की एवढाच माल वेगवेगळ्या शेतांत घ्यायचा असता तर १.४ हेक्टर जमीन लागली असती. बेरीज १ च्या वर गेली तर जोडी फायद्याची, खाली आली तर दोघंही एकमेकांच्या पायात पाय घालताहेत.

पण हे गुणोत्तर पैशाबद्दल काही सांगत नाही. मजुरी किती लागली, शेंगेला भाव काय मिळाला, हे त्यात येत नाही. आणि वेळेबद्दलही काही सांगत नाही. कसाव्याच्या शेतकऱ्याला तर खरा जाच वेळेचा असतो. आठ-दहा महिने वाट पाहायची आणि एकदाच पैसा बघायचा. त्यातही कंद जमिनीतून काढला की दोन-तीन दिवसांत आतून काळा पडू लागतो. त्यामुळे साबुदाणा-स्टार्चच्या कारखान्याच्या दारात ट्रॅक्टर उभा असताना भाव पडला, तर माल परत न्यायची सोय नाही. कंदातल्या स्टार्चच्या प्रमाणावर भाव ठरतो, आणि तो मोजणारा कारखानाच असतो. अशा शेतकऱ्याच्या हातात तिसऱ्या-चौथ्या महिन्यात शेंगांचे चार पैसे आले, तर तेवढ्यापुरती सावकाराची पायरी चुकते. एकरी फायदा किती टक्के वाढला यापेक्षा बऱ्याच घरांत हेच जास्त मोलाचं असतं.

काँगोत फक्त अंतर बदललं

या विषयातला सगळ्यात डोळे उघडणारा प्रयोग काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या पूर्वेकडच्या दक्षिण किवू प्रांतातल्या उंच प्रदेशात झाला. त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे शेतकरी कसावा एक मीटर बाय एक मीटर लावत आणि मध्ये घेवडा वगैरे पेरत. संशोधकांनी फक्त मांडणी बदलली. दोन ओळींतलं अंतर दोन मीटर केलं आणि ओळीतल्या दोन झाडांमधलं अंतर अर्धा मीटर.

जरा गणित करून बघा. एक गुणिले एक म्हणजे एका झाडाला एक चौरस मीटर. दोन गुणिले अर्धा म्हणजेही एक चौरस मीटर. हेक्टरी झाडं तेवढीच, दहा हजार. पण मधला पट्टा दुप्पट रुंद झाला, त्यात शेंगवर्गीय पिकाच्या चार ओळी बसल्या. आणि छत मिटायला जास्त वेळ लागू लागल्यामुळे, पहिलं शेंगवर्गीय पीक निघाल्यावर त्याच पट्ट्यात दुसरंही घेता आलं. कसाव्याच्या उत्पादनाला या मांडणीने धक्का लागला नाही.

यात नवं बियाणं नाही, यंत्र नाही, अनुदान नाही. लागली फक्त दोरी आणि मोजपट्टी. त्या प्रयोगांत सुधारित जाती आणि खतही वापरून पाहिलं होतं आणि त्यांचा फायदाही झाला, पण मांडणीचा बदल फुकट होता.

ब्राझीलच्या बाहिया राज्यातल्या क्रूझ दास आल्मास इथल्या सरकारी संशोधन केंद्राने हीच युक्ती वेगळ्या रूपात सुचवली. कसाव्याच्या दोन ओळी ६० सेंटिमीटरवर जवळजवळ, मग दोन मीटरचा मोकळा पट्टा, मग पुन्हा दोन ओळी. आपल्याकडे ऊस आणि कापसात जोडओळ म्हणतात ती हीच. मोकळ्या पट्ट्यात घेवडा किंवा चवळी, आणि कोळपं फिरवायलाही जागा.

ताटात काय पडतं?

भारतात बहुतेक चर्चा एकरी उत्पन्नावर थांबते. आफ्रिकेतल्या काही भागांत प्रश्न आणखी खोल आहे. ताज्या कसाव्याच्या कंदात प्रथिनं जेमतेम एक-दोन टक्के असतात. वाळलेल्या चवळीत ती तेवीस-चोवीस टक्के आणि शेंगदाण्यात पंचवीसच्या आसपास. तिन्ही त्रिकाळ कसावाच खाणाऱ्या घरात पोट भरतं, पण मुलं खुरटतात.

त्याहून गंभीर म्हणजे कोन्झो. कडू कसाव्यात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. कंद तीन-चार दिवस भिजवून, आंबवून, वाळवला की ती निघून जातात. दुष्काळात किंवा युद्धात घाईघाईने कंद खाल्ला जातो, तेव्हा विष शरीरात राहतं. ते निकामी करायला शरीराला गंधकयुक्त अमिनो आम्लं लागतात, जी प्रथिनांतून मिळतात. ती आहारात नसली की दोन्ही पाय अचानक आखडतात आणि ते कायमचे. बळी मुख्यतः लहान मुलं आणि बायका. १९३८ मध्ये तेव्हाच्या बेल्जियन काँगोत या आजाराची नोंद झाली. १९८१ च्या दुष्काळात मोझांबिकच्या नाम्पुला प्रांतात त्याचे हजाराहून जास्त रुग्ण आढळले.

शेंगवर्गीय आंतरपीक हा कोन्झोवरचा इलाज नाही. इलाज म्हणजे कंद नीट भिजवणं आणि वाळवणं. डाळी-शेंगांत गंधकयुक्त अमिनो आम्लंही तशी मुबलक नसतात, पण कसाव्यापेक्षा पुष्कळ जास्त असतात. ज्या घरापासून बाजार लांब आहे आणि मांस-मासे परवडत नाहीत, तिथे कसाव्याच्या ओळींतली चवळी हीच प्रथिनांची एकमेव खात्रीची वाट असते. शिवाय चवळीचा कोवळा पालाही भाजी म्हणून खाल्ला जातो, तेही शेंगा यायच्या आधी, म्हणजे नेमक्या टंचाईच्या आठवड्यांत.

जोडी कुठे बिघडते?

पाऊस अपुरा असेल तर सगळ्यात आधी. कसावा पाणी कमी झालं की पानं गाळून तग धरतो, पण सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत, कंद धरायच्या वेळी, शेजारी चार ओळी पाणी पीत असतील तर त्याचीही ओढ होते. अशा ठिकाणी दोनऐवजी एकच ओळ बरी.

स्फुरद नसलेल्या जमिनीतही फार आशा ठेवता येत नाही. गाठी बनायला आणि चालायला स्फुरद लागतं. ‘नत्र स्वतः बनवतं म्हणून खत नको’ असं समजून काहीच न घालणाऱ्याच्या शेतात शेंगवर्गीय पीक नत्रही बनवत नाही आणि शेंगाही देत नाही. भुईमुगासाठी कसाव्याच्या मात्रेपेक्षा वेगळं थोडं खत द्यावंच लागतं.

आणि मजुरी. दोन पिकांची पेरणी, काढणी, शेंगा तोडणी हातानेच होते. केरळमध्ये शेतमजुरी देशात सर्वाधिक असलेल्या राज्यांत मोडते, त्यामुळे कागदावर चांगली दिसणारी जोडी तिथे अनेकांना परवडत नाही. घरचे हात असलेल्या छोट्या शेतकऱ्याला ती परवडते. आफ्रिकेत हे काम बहुतेक ठिकाणी बायकांच्या वाट्याला येतं, आणि शेंगा विकून आलेला पैसा त्यांच्या हातात राहतो की नाही, यावर पुढच्या वर्षी ती चवळी पेरली जाते की नाही हे ठरतं.